दिग्रसहून वर्ध्याला, कपड्याच्या शोधात

दिवाळीच्या सुटीत दिग्रसच्या रस्त्यांच्या कडा पांढऱ्या होतात. कापसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि मेटॅडोर जिनिंगकडे निघालेले असतात. त्यांच्यावरून उडालेले पुंजके बाभळीच्या काट्यांना, दुकानांच्या पाट्यांना, आमच्या शाळेच्या कुंपणाच्या तारेला अडकून राहतात. मुले ते वेचून खिशात भरतात. घरी नेऊन त्याचे काय करतात, अल्लाह जाणे. यवतमाळ जिल्ह्यातला हा आमचा तालुका. जवळच अरुणावतीचे धरण, गावातून वाहणारी धावंडा आणि भोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर आणि पाऊस, याच्या बाहेर इथल्या बोलण्यात फारसे काही नसते.

इतका कापूस पिकवणाऱ्या या गावात आमच्या पाहण्यात एकही माग नाही, ही गोष्ट मात्र चाळिशी ओलांडेपर्यंत आमच्या कधी ध्यानात आली नव्हती. कापसाची रुई वेगळी होते, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी ट्रकवर चढतात आणि गावाबाहेर निघून जातात. पुढे त्याचे सूत कुठे निघते, कापड कुठे विणले जाते, याची आम्हाला काही खबर नसते. बाजारात प्लास्टिकच्या पिशवीत चकचकीत होऊन जे परत येते, ते बहुतेक वेळा सुतीही नसते.

हे ध्यानात आले ते ईदच्या कपड्यांमुळे.

आम्ही म्हणजे मोहल्ल्यातल्या चौघी. दोघी शिक्षिका, एक अंगणवाडीत आणि एक घरातूनच किराणा चालवणारी. पाचव्या म्हणून शिवणकाम करणाऱ्या खालांना धरायचे की नाही, हाच पुढे सगळ्या गोष्टीचा मुद्दा झाला, म्हणून त्यांच्याबद्दल नंतर सांगू.

दर रमजानमध्ये आम्ही मोहल्ल्यातल्या यतीम आणि गरीब मुलांसाठी कपडे घेत असू. ठोक दुकानातून तयार जोड आणायचे, यादी करायची आणि चांदरातीच्या आधी घरोघरी पोचवायचे. कपडे दिसायला छान असत. ईदगाहच्या फोटोत सगळी मुले सारखी उजळ दिसत. पण आम्ही शिक्षिका. ईदनंतर तीच मुले आमच्या वर्गात तेच कपडे घालून बसतात. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या छताखाली, टेरिकॉटचा सदरा घातलेला मुलगा दिवसभर मान खाजवत असतो. तीन धुण्यांत कापडावर गोळे धरतात आणि चौथ्यात बगलेची शिवण जाते. एका मुलाने तर सरळ सांगितले, "टीचर, ये बहुत काटता है." आम्ही दिलेला कपडा त्याला टोचत होता.

म्हणून २०२४ च्या रमजानमध्ये आम्ही ठरवले की कपडे विकत घ्यायचे नाहीत, शिवायचे. नागपूरहून कोऱ्या सुती कापडाचे, म्हणजे आपल्या साध्या मांजरपाटाचे ठाण मागवले. चौघींचे प्रत्येकी १५०० रुपये आणि मोहल्ल्यातून जमलेले ४८०० मिळून १०,८०० झाले. खालांकडे गेलो. साठ कुर्ते, काज-बटणासह. खालांनी दर विचारला तेव्हा आमच्यापैकी एक जण हसत म्हणाली, "खाला, सवाब का काम है, आप ही बताओ." खाला थोडा वेळ कापड चाचपत बसल्या आणि म्हणाल्या, "चालीस दे देना."

कापडाचे १२०, शिलाईचे ४०, दोरा-बटणाचे २०, एका कुर्त्यामागे १८० रुपये. हिशेब एक रुपया इकडेतिकडे न होता जुळला. ११ एप्रिलच्या ईदला साठही मुलांनी सुती कुर्ते घातले. शेजारच्या बायकांनी विचारले, आमच्याही मुलांसाठी करून द्याल का? त्यातून विकण्यासाठी पंधरा कुर्ते केले आणि तेही गेले. आम्हाला वाटले, चला, धंदा सुरू झाला. सुती कपडा विकायचा, नफ्यातून गरीब मुलांना कपडे द्यायचे. सोपे काम आहे.

पहिली ठेच पंधरा दिवसांत लागली. कोरे कापड कापण्याआधी भिजवून आटवावे लागते, हे खालांनी सांगितले होते. घाईत आम्हीच "राहू द्या" म्हटले होते. पहिल्या धुण्यात कुर्ते दोन-दोन बोटे आखडले. यादीतल्या मुलांना आम्ही माप मोठेच दिले होते, त्यांचे निभावले. पण विकत घेतलेल्या बायका पिशव्या घेऊन दारात आल्या. एकीने तर मुलाला तो कुर्ता घालूनच आणले होते. बाह्या कोपराच्या जरा खाली.

या वेळी आम्हाला इमाम अबू हनीफा (रह.) आठवले. फिक्हचे इतके मोठे इमाम कूफ्यात कापडाचे व्यापारी होते आणि व्यापाराच्या नफ्यातून विद्यार्थ्यांच्या, आलिमांच्या गरजा भागवत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या चरित्रांत असा प्रसंग येतो की मालातल्या एका कापडात दोष होता. तो गिऱ्हाइकाला दाखवून मगच विका, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला आणि कापड विकले गेले. गिऱ्हाईक कोण होते तेही कळेना. तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सगळी रक्कम सदका करून टाकली. आमचे गिऱ्हाईक तर दारातच उभे होते, त्यामुळे आमचे काम सोपे होते. पैसे परत केले. पंधरांपैकी अकरांनी घेतले, चौघींनी "राहू द्या आपा, धाकट्याला होईल" म्हणून घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट मात्र पैसे परत करून मिटणारी नव्हती. जूनमध्ये शाळा उघडताना मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी आम्ही पुन्हा यादी काढली. मोहल्ल्यातल्या जकातीला पात्र घरांची यादी, जिच्यावरून आम्ही ईदचे कपडे वाटले होते, तीच. त्या यादीत वरून सातवे नाव खालांचे होते. बेवा, दोन मुली शिकणाऱ्या, घर भाड्याचे. दरवर्षी ते नाव तिथे होते आणि दरवर्षी आम्ही वाचत होतो.

मग आम्ही बाजारात चौकशी केली. तसल्या कुर्त्याला काज-बटणासकट पंच्याहत्तर रुपये सहज मिळतात. म्हणजे साठ कुर्त्यांवर खालांनी २१०० रुपये सोडले होते. आमच्यापैकी प्रत्येकीने दिले होते १५००. त्या ईदला सगळ्यांत मोठा सदका खालांचा होता, आणि 'सवाब का काम' म्हणून तो आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला होता. ज्यांना द्यायचे, त्यांच्याकडूनच घेऊन दुसऱ्याला दिले आणि नाव आमचे झाले. ते साठ कुर्ते त्यांनी रात्री शिवले होते, कारण दिवसा दुकानाचे काम करून घरभाडे निघत होते, हेही नंतर कळले.

आम्ही चौघी बरेच दिवस एकमेकींशी या विषयावर बोललो नाही.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या सुटीत वर्ध्याला जायचे ठरले ते यामुळे. कपड्याचा धंदा करायचा, तो कापसाच्या मुलखात करायचा आणि गरिबाच्या भल्यासाठी करायचा, हे नव्वद वर्षांपूर्वी ज्यांनी करून पाहिले त्यांचे गाव आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. मग आपण ते अजून पाहिले का नाही? खालांनाही चला म्हटले. त्या यवतमाळच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. "मेरा वहाँ क्या काम?" म्हणाल्या, पण आल्या.

फज्रनंतरची एसटी धरली. बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे पाच जणींचा खर्च अडीच जणांचा झाला. दारव्ह्याच्या वाटेवर उजाडले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बायका ओटीला फडके बांधून ओळीने चाललेल्या. खालांनी खिडकीतून विचारले, यंदा वेचणीला काय देतात? किलोला दहा रुपये. चांगली वेचणारी दिवसाला चाळीस किलो वेचते. खालांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि गप्प बसल्या. आम्हीही मोजले. मागच्या रमजानमध्ये त्या रात्री जागण्याऐवजी दिवसा वेचणीला गेल्या असत्या, तर जास्त मिळवले असते.

याच शेतांमध्ये २०१७ च्या पावसाळ्याअखेर फवारणीच्या विषाने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला होता आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती होते. त्या दिवसांत आमच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील आठवडा-आठवडा घरी पडून असल्याचे आम्हाला आठवते. सुती कपडा अंगाला थंड असतो, पण तो शेतातून येताना काय काय पार करून येतो, हे आम्ही यवतमाळकरांनी तरी विसरू नये.

दारव्ह्याला गाडी थांबली. इथून जुन्या शकुंतला रेल्वेचा अरुंद रूळ जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर. इंग्रजांच्या काळात कंपनीने ती गाडी बांधली ती वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणून. आता ती बंद आहे. नवी मोठी रेल्वे वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जायची आहे. दिग्रसही त्या वाटेवर आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आमच्या गावात गाडी येईल तेव्हा येईल, इन्शाअल्लाह. ती माणसांना नेईल की पुन्हा गाठीच नेईल, ते पाहायचे.

यवतमाळला गाडी बदलली. कळंब मागे पडले, वर्धा नदी ओलांडली, देवळी गेले आणि दुपारच्या आत वर्ध्याला उतरलो.

वर्ध्यात मगनवाडी गावातच आहे. जमनालाल बजाज यांच्या मालकीची ही बाग होती. त्यांनी ती अखिल भारत ग्रामोद्योग संघाला दिली. हा संघ १९३४ मध्ये निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. सेवाग्रामला राहायला जाण्याआधी गांधीजी इथेच राहत होते. त्यांचे पुतणे मगनलाल यांच्या नावाचे मगन संग्रहालय इथे आहे, त्याचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले.

आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट जाता जाता सांगतो. बादशाह खान, म्हणजे खान अब्दुल गफ्फार खान, १९३४ मध्ये तुरुंगातून सुटले तेव्हा सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला त्यांना बंदी होती. तेव्हा ते भावासह जमनालालजींचे पाहुणे म्हणून वर्ध्यालाच येऊन राहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना इथूनच पुन्हा पकडून नेले. त्यांच्या खुदाई खिदमतगारांचे लाल कपडे प्रसिद्ध आहेत. ते लाल का, याचेही कारण साधेच सांगतात: पांढरी खादी लवकर मळायची, म्हणून कातडी कमावण्याच्या ठिकाणी झाडाच्या सालीच्या काढ्यात ती बुडवून विटकरी करून घेतली. आम्ही मांजरपाट कशाने रंगवावे या विचारात होतो, त्यामुळे आम्हाला ही गोष्ट फारच जवळची वाटली.

संग्रहालयात नाना तऱ्हेचे चरखे आहेत. आम्ही शिक्षिका पाट्या वाचत होतो आणि खाला यंत्रे वाचत होत्या. मगन चरख्यापाशी त्या थांबल्या. हा पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून दोन धागे एकदम काढता येतात. "ये तो अपनी मशीन की बहन है," खाला म्हणाल्या. आपल्या शिलाई मशीनचे पायडल आणि हे पायडल. पुढे कपड्याच्या दुकानात आम्ही रंग बघत होतो, तर खाला एका कुर्त्याची शिवण उलटी करून नखाने ओढून पाहत होत्या. "पक्की है," एवढेच म्हणाल्या. दुकानातल्या ताईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि खुर्ची दिली. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

इथली खादी वर्ध्याच्या शेतकऱ्यांच्या सेंद्रिय कापसाची आणि झाडपाल्याच्या रंगांची. नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, हिरडा. कापड हातात घेतले की सोडवत नाही. भावाची चिठ्ठी वाचली की सोडावे लागते. साठ यतीम मुलांचे कुर्ते या कापडात करायचे तर आमची चौघींची वर्षाची बचत जाईल. आम्ही थोडे नाराज झालो. गरिबाच्या नावाने सुरू झालेला कपडा गरिबाला का घेता येऊ नये?

उत्तर वर्ध्यातच मिळाले. १९३५ पर्यंत खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणाऱ्या बायांना दिवसभराचे एक-दोन आणेच मिळत. आणि खादी तर त्यांच्याच भल्यासाठी विकली जात होती! त्या वर्षी गांधीजींनी अखिल भारत चरखा संघापुढे हा प्रश्न मांडला. आठ तास चांगले सूत कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळायला हवेत, असे त्यांचे म्हणणे. कार्यकर्ते घाबरले. खादी महागेल, खप कमी होईल, मग बायांना आहे तेही काम मिळणार नाही. हा आक्षेप खोटा नव्हता. तरी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला संघाने किमान मजुरीचा ठराव केला. आठ आण्यांपर्यंत काही पोचता आले नाही, पण मजुरी वाढली आणि खादीही महागली. त्याच सुमारास जवळच्या नालवाडीत विनोबा स्वतः रोज आठ-आठ तास कातून त्या मजुरीत जगता येते का, हे करून पाहत होते.

म्हणजे आमची चूक आमच्या आधी मोठमोठ्या लोकांकडून होऊन गेली होती. त्यांनी ती भर सभेत मान्य केली आणि तिची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल केली, एवढाच फरक. स्वस्त कपडा स्वस्त का असतो याचे उत्तर नेहमी शिवणाऱ्याच्या किंवा पिकवणाऱ्याच्या घरात सापडते. बांगलादेशात ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, ते जगभरच्या दुकानांचे स्वस्त कपडेच शिवत होते. त्यांत बहुतेक आपल्या खालांसारख्या बायका आणि तरुण मुली होत्या.

संध्याकाळी गोपुरीत विनोबांच्या प्रेरणेने सुरू झालेले ग्रामसेवा मंडळही धावत-पळत पाहिले. तिथे थांबायला आणखी एक दिवस हवा होता. पण खालांच्या मुली घरी एकट्या होत्या.

परतल्यावर पहिले काम फळ्यावर केले. सातवीच्या गणिताच्या तासाला मुलांना विचारले: २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूत आणि कापड होताना जी घट येते ती वजा करून मोठ्या माणसाचे शंभर सदरे होतात असे धरा. तर एका सदऱ्यात शेतकऱ्याचे किती? पंच्याहत्तर रुपये. आणि त्यात सरकीचेही आले. शेतकऱ्यांची मुले आहेत, उत्तर आल्यावर वर्ग गप्प झाला. मग एक जण म्हणाला, "टीचर, मेरे अब्बा को तो इतना भी नहीं मिला." व्यापाऱ्याने ओला म्हणून भाव पाडला होता.

दुसरा हिशेब आम्ही घरी केला. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये. तासाला सदतीस. एका कुर्त्याला दोन तास धरले तर माती उचलणाऱ्या मजुराच्या दरानेसुद्धा ७४ होतात, आणि खाला तर कारागीर. दर ९० ठरला, दोरा-बटणे आमची. खालांनी आधी "ज्यादा है" म्हटले. आम्ही त्यांना फळ्यावरचा हिशेब दाखवला. त्यांनी तो तपासला आणि वीजबिल धरलेले नाही हे दाखवून दिले! मशीनला मोटर लावल्यावर ते धरू, असे ठरले.

आता एका कुर्त्याचा खर्च २३० झाला. तेच १०,८०० रुपये घेतले तर साठाऐवजी सेहेचाळीसच कुर्ते. चौदा मुलांचे काय? ही चौदा नावे आमच्यासमोर कागदावर होती आणि प्रत्येक नावाचा चेहरा आम्हाला माहीत होता. खादी महागल्यावर चरखा संघाच्या कार्यकर्त्यांना काय वाटले असेल, हे त्या रात्री समजले. एक बहीण म्हणाली, यंदा जुन्याच दराने करू, पुढच्या वर्षी पाहू. कोणी काही बोलले नाही, पण तसे केलेही नाही. चौदा कुर्ते विक्रीच्या नफ्यातून आणायचे, असे ठरले. एका विकलेल्या कुर्त्यामागे सगळा खर्च जाऊन १२० उरतात. म्हणजे सत्तावीस विकायला हवेत.

भांडवलासाठी आधी आमच्या मनात जकातीचे पैसे होते. एवढी जकात गोळा होते, त्यातलीच थोडी धंद्यात घालू आणि नफा गरिबांनाच देऊ. सुदैवाने आधी मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी समजावले की जकात देताना गरजू व्यक्तीला त्या रकमेचे किंवा वस्तूचे मालक करावे लागते. धंद्यात गुंतवलेल्या पैशाचा मालक गरीब होत नाही, धंदा होतो. उलट धंदा वाढला तर विक्रीच्या मालावर तुम्हालाच अडीच टक्के जकात काढावी लागेल. मात्र शिवणाऱ्या गरजू बाईला जकातीतून मशीन घेऊन देता येईल. अट एकच, मशीन तिचे. तुमचे काम तिने केलेच पाहिजे, असा तुमचा हक्क त्यावर राहणार नाही.

म्हणून भांडवल घरातून काढले, थोडे एका भावाकडून कर्ज-ए-हसना घेतले, आणि एका घरच्या जकातीतून खालांना मोटरचे मशीन मिळाले. आपल्यापैकी कुणाला असे काही सुरू करायचे असेल तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. तिचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. आणि शाळेच्या गणवेशावर पहिल्याच वर्षी भिस्त ठेवू नका. २०२४ मध्ये राज्यभर एकच गणवेश बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले, शिलाईचा दर परवडत नाही अशा गटांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो निर्णय बदलला. अशा कामात छोटा गट मध्येच अडकतो.

रंग आम्ही अंगणातच केले. फेब्रुवारीपासून दिग्रसभोवतीच्या रानात पळस पेटल्यासारखा फुलतो. फुले पोत्याने आणली. सुंदर पिवळा रंग आला आणि आठ दिवसांच्या उन्हात उडून गेला. डाळिंबाची साल जास्त भरवशाची निघाली. रमजानमध्ये रसाच्या गाड्यांवर ती ढिगाने पडते, फुकट. कापड आधी सोड्यात उकळून खळ काढायची, हिरड्यात भिजवायचे, तुरटीच्या पाण्यातून काढायचे आणि मग सालीच्या काढ्यात. गंजलेले खिळे पाण्यात भिजवून ते पाणी जरासे घातले की तोच पिवळा राखाडी होतो. पहिल्या घाणीत डाग पडले. ते कुर्ते डाग दाखवून कमी भावात विकले. प्रत्येक कुर्त्याला आम्ही एक चिठ्ठी टाचतो: कापड गिरणीचे, सुती, आधी भिजवून आटवलेले, रंग डाळिंबसालीचा, कडक उन्हात फिका होईल, शिलाई नव्वद रुपये. सेंद्रिय असे लिहीत नाही, कारण ते नाही. हल्ली अशा कपड्यांना शाश्वत म्हणतात. आमच्या दादी ज्याला टिकाऊ म्हणत तेवढेच आम्हाला जमते: थोरल्याचे धाकट्याला, धाकट्याचे गोधडीत, गोधडीचे फडक्यात. कात्रणांच्या पिशव्या खालांची थोरली मुलगी करते, त्यांचे पैसे तिचे. दिल्लीला अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने १९९९ पासून जुन्या कपड्यांतून केवढे काम उभे केले आहे. आम्ही निदान चिंध्या उकिरड्यावर टाकणे थांबवले.

गिऱ्हाइकांचे म्हणाल तर, "आपा, एवढ्यात बाजारात दोन येतात," हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. खरेच येतात. आम्ही भाव कमी करत नाही, चिठ्ठी वाचायला देतो. काही जण वाचून घेतात, काही वाचून परत ठेवतात. परत ठेवणाऱ्यांचा राग येत नाही, कारण कालपर्यंत आम्हीही त्याच रांगेत होतो. ३१ मार्च २०२५ च्या ईदपर्यंत सत्तावीसपैकी एकोणीस कुर्ते विकले गेले. त्यातून नऊ मुलांचे कुर्ते निघाले. उरलेल्या पाचांचे पैसे आम्ही चौघींनी घरखर्चातून घातले. साठही मुलांना कुर्ते मिळाले, अलहम्दुलिल्लाह, पण धंदा अजून स्वतःच्या पायावर उभा नाही, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

त्या यादीतले सातवे नाव यंदाही आहे. खाला म्हणतात, दोन वर्षांत तिथून काढून दाखवते.

परवा पुढच्या कापडाचे ठाण घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. नव्या मशीनवर ब्लाउजांचा ढीग होता. लग्नसराई आहे, ब्लाउजाला चांगले मिळतात. आम्ही ठाण हातात घेऊन उभ्याच. खालांनी मान वर न करता सांगितले, "उधर रख दो बाई. पंद्रह तारीख के बाद देखती हूँ."

आम्ही ठाण कोपऱ्यात ठेवले आणि परत आलो.